माळ्यावरच्या वायरींची बाजू

दिवाळीची साफसफाई आणि इमारतीचा पुनर्विकास, या दोन प्रसंगी मुंबईच्या उपनगरांतल्या घरांमधून कॉम्प्युटरच्या जुन्या केबल आणि सुटे भाग भंगारात जातात. माळा रिकामा करताना एक खोका खाली येतो. त्यात काळ्या वायरींचा गुंता, दोन-चार अडॅप्टर, एखादी रॅमची पट्टी, कधीकाळच्या प्रिंटरची केबल असते. ‘हे शेवटचं कधी लागलं होतं?’ असा प्रश्न येतो, कोणालाच उत्तर आठवत नाही आणि खोका भंगारवाल्याच्या काट्यावर चढतो. या घाईला अलीकडे सल्लागारांचा आधारही मिळाला आहे. वर्षभर ज्या वस्तूला हात लागला नाही ती घराबाहेर काढावी, हा नियम घर आवरायला शिकवणारी पुस्तकं आणि व्हिडिओ ठासून सांगतात. मारी कोंडो या जपानी लेखिकेने तर कशाची आहे ते ओळखू येत नाही अशी वायर टाकूनच द्यावी, असा सल्ला दिला आहे. कपड्यांच्या कपाटापुरता हा नियम योग्य असेलही. सुट्या भागांच्या बाबतीत मात्र तो चुकीचा आहे, कारण त्यात मोजमापच चुकीचं घेतलं आहे. केबल ठेवायची की काढायची हे तिच्या वयावरून किंवा शेवटच्या वापराच्या तारखेवरून ठरवता येत नाही. तिच्या टोकाला जी पिन आहे ती आज जगात आणि आपल्या घरात चालू आहे का, एवढ्यावरूनच ते ठरायला हवं.

वर्षभराच्या नियमामागे एक गृहीत आहे: जी वस्तू वापरात नाही तिचा उपयोग संपला. रोज वापरायच्या वस्तूंना ते लागू पडतं. राखीव वस्तूचं काम मात्र वेगळं असतं. गाडीची स्टेपनी तीन वर्षांत एकदाही लागली नाही म्हणून कोणी विकून टाकत नाही. ती न लागणं ही गाडी नीट चालल्याची खूण असते. राउटरचा जादा अडॅप्टर, मॉनिटरची दुसरी केबल, हार्ड डिस्कची साटा केबल यांचंही तसंच आहे. त्यांची किंमत त्यांच्या वापराच्या वारंवारतेत नसते, त्या नसताना जे अडतं त्यात असते. राउटर बंद पडला असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा बिघाड त्याच्या अडॅप्टरमध्ये असतो, कारण चोवीस तास तापणारा भाग तोच. त्याच व्होल्टेजचा दुसरा अडॅप्टर घरात असेल तर दोन मिनिटांत निदान होतं आणि दुरुस्तीही होते. नसेल तर चांगला राउटर मोडीत निघतो आणि नवा येतो. एका छोट्या भागाअभावी अख्खं यंत्र फेकलं जाणं हे घरोघर घडतं आणि त्याचा हिशेब घर आवरण्याच्या पुस्तकांत कुठेच येत नाही.

आता पिनांच्या आयुष्याकडे पाहू. कॉम्प्युटर तीन-चार वर्षांत जुना होतो, या अनुभवावरून केबलही तितक्याच वेगाने जुनी होत असेल असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात यंत्र बदलत राहतं आणि पिन टिकून राहते. पंधरा टोकांची निळी व्हीजीए पिन १९८७ मध्ये आयबीएमच्या कॉम्प्युटरबरोबर आली. शाळांच्या, महाविद्यालयांच्या आणि सोसायट्यांच्या सभागृहांत टांगलेले कित्येक प्रोजेक्टर आजही तीच मागतात. यूएसबी १९९६ मध्ये आली आणि त्या काळात ठरलेली चौकोनी प्रिंटर पिन आज दुकानात मिळणाऱ्या नव्या प्रिंटरच्या पाठीवरही सापडते. साटा जोडणी २००३ च्या सुमारास बाजारात आली. त्या वेळची लाल केबल आजच्या अडीच इंची एसएसडीला बिनतक्रार बसते. सीपीयू, मॉनिटर आणि मोठे प्रिंटर यांना लागणारी तीन पिनांची पॉवर कॉर्ड तर कित्येक दशकं एकाच आकाराची आहे. आरएस-२३२ हे सिरियल जोडणीचं मानक १९६० मधलं. मरोळ एमआयडीसीसारख्या औद्योगिक वसाहतींमध्ये दिसणारी जुन्या बांधणीची सीएनसी यंत्रं, वजनकाटे, बिलं छापणारे प्रिंटर अशा उपकरणांशी बोलायला ते आजही वापरलं जातं. सहा दशकं चाललेल्या जोडणीला ‘एक वर्ष हात लागला नाही’ ही फूटपट्टी लावणं म्हणजे मोजायची वस्तूच न समजणं.

यावर पहिला आक्षेप येतो तो टाइप-सीचा. सगळं जग एका पिनकडे चाललं आहे, तेव्हा बाकीच्या वायरी आता इतिहासजमा, असं म्हटलं जातं. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून मोबाइल, टॅब्लेट, कॅमेरे यांना टाइप-सी सक्तीची केली आणि २०२६ मध्ये लॅपटॉपही त्यात आले. ॲपलनेही २०२३ मध्ये आयफोन १५ पासून आपली वेगळी पिन सोडली. ही दिशा चांगली आहे आणि तिचं स्वागतच करायला हवं. पण नवी खरेदी एका पिनची झाली म्हणून आधी घेतलेली यंत्रं एका रात्रीत बदलत नाहीत. घरातला प्रिंटर, यूपीएस, मॉनिटर, कीबोर्ड, डीव्हीआर आणखी दहा वर्षं आपापल्या पिना मागत राहणार आहेत. शिवाय टाइप-सी ही केवळ बाहेरून सारखी आहे. तिच्यातली एखादी केबल ६० वॉटपर्यंतच वीज नेते, दुसरी २४० वॉट नेते. एखादी सेकंदाला ४८० मेगाबिट माहिती वाहते, दुसरी ४० गिगाबिट. मोबाइलसोबत आलेली केबल मॉनिटरला लावली तर पडदा काळाच राहतो आणि दोष मॉनिटरला दिला जातो. म्हणजे एक पिन झाल्याने केबल ओळखून ठेवण्याची गरज कमी झाली नाही, वाढली. त्यातच आता नव्या यंत्राबरोबर सामान कमी येऊ लागलं आहे. २०२० मध्ये आयफोन १२ च्या खोक्यातून चार्जर गेला आणि इतर कंपन्यांनीही हळूहळू तेच केलं. तुमच्या घरी जुना चार्जर असेलच, हे त्यामागचं उघड गृहीत आहे. कंपन्या ज्या साठ्याच्या भरवशावर खर्च वाचवतात, तो साठा टाकून द्या असं ग्राहकाला सांगणं हा कुठला न्याय?

दुसरा आक्षेप जागेचा आणि मुंबईत तो हलक्याने घेता येत नाही. पुनर्वसनाच्या इमारतीत तीनशे चौरस फुटांचं घर मिळतं, घाटकोपरच्या पंतनगरातल्या किंवा मुलुंडच्या जुन्या वसाहतींमधली घरंही लहानच. तिथे प्रत्येक कोपऱ्याला किंमत आहे, हे खरं. पण ज्या साठ्याची बाजू मी मांडतो आहे, त्याचं आकारमान किती? कामाच्या पिनांच्या प्रत्येकी दोन केबल, दोन-तीन अडॅप्टर आणि मूठभर सुटे भाग नीट गुंडाळले तर ते बुटांच्या एका खोक्यात मावतात. असा खोका पलंगाखाली, माळ्यावर, कपाटाच्या वरच्या फळीवर कुठेही जातो. त्याने कोणाच्या झोपण्याची जागा अडत नाही. जागा खरी खातात ते बंद पडलेले सीपीयूचे डबे, काचेचे जुने मॉनिटर, रिकामी खोकी आणि थर्माकोल. ते जरूर काढा. गफलत अशी होते की मोठ्या अडगळीचा राग लहान खोक्यावर निघतो, कारण तो उचलायला सोपा असतो. लहान घरात राहणाऱ्याला वस्तू पुन्हा विकत घेणं मोठ्या घरात राहणाऱ्यापेक्षा जड जातं, हेही विसरता कामा नये. जागेची टंचाई आणि पैशाची टंचाई बहुधा एकाच घरात असते.

मग तिसरा आक्षेप येतो: आज अंधेरीत किंवा बोरिवलीत बसून ॲपवर बोट दाबलं की दहा मिनिटांत केबल दारात येते, साठा कशाला? येते, पण कोणती येते ते पाहा. दहा मिनिटांत जे येतं ते चालू खपाचं असतं: टाइप-सी, एचडीएमआय, फार तर एक्स्टेंशन बोर्ड. १९ व्होल्टचा बारीक गोल पिनचा लॅपटॉप अडॅप्टर, डीडीआर-३ रॅम, हार्ड डिस्कला वीज देणारी जोडवायर त्या गोदामात नसते. त्यासाठी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठावा लागतो. तिथे बहुतेक वस्तू मिळतात, ती बाजारपेठ हे मुंबईचं मोठं धन आहे. पण मुलुंडहून दादरला गाडी बदलून तिथे जायचं म्हणजे अर्धा दिवस जातो आणि रविवारी, म्हणजे नोकरदाराला सवड असते त्याच दिवशी, तिथली बहुतेक दुकानं बंद असतात. स्टेशनाबाहेरच्या पथारीवर केबल जवळ आणि स्वस्त मिळते, पण अशा बऱ्याच केबलमध्ये तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम किंवा केसासारखी बारीक तार असते. ती तापते, सावकाश चार्ज करते आणि लवकर तुटते. यंत्रासोबत मूळ आलेली जाड तारेची जुनी केबल तिच्यापेक्षा बहुतेक वेळा उत्तम असते. जुनं म्हणून टाकायचं आणि नवं म्हणून कमअस्सल आणायचं, हा व्यवहार शहाणपणाचा नाही.

बाजार कायम उघडा राहतो, या विश्वासालाही मुंबईने तडा गेलेला पाहिला आहे. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली. सुरुवातीचे कित्येक आठवडे दुकानं बंद होती आणि ऑनलाइन विक्रीही जीवनावश्यक वस्तूंपुरतीच मर्यादित होती. त्याच काळात शाळा पडद्यावर आली, कचेरी जेवणाच्या टेबलावर आली आणि एका कॉम्प्युटरच्या घराला अचानक दोन-तीन यंत्रांची गरज पडली. पाठोपाठ जगभर चिपची टंचाई झाली आणि नवी यंत्रं महाग झाली, उशिरा मिळू लागली. अशा वेळी एक जुना वेबकॅम, एक जादा पॉवर कॉर्ड, रॅमची एक पट्टी यांवर मुलाचा वर्ग सुरू होणं किंवा बुडणं अवलंबून असू शकतं. तो प्रसंग अपवादात्मक होता, असं म्हणता येईल. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला, हा अपवाद नाही. हा धंद्याचा नेहमीचा क्रम आहे. धडधाकट चालणारे असंख्य कॉम्प्युटर केवळ विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत म्हणून मोडीच्या रांगेत आले. त्यातल्या एखाद्यात दुसऱ्या बंद यंत्रातली चार जीबीची पट्टी घातली, जुन्या साटा केबलने एक लहान एसएसडी जोडली आणि लिनक्स टाकलं, तर अभ्यास, पत्रव्यवहार, हिशेब यांसाठी ते आणखी काही वर्षं कामाला येतं. या दुरुस्तीला लागणारा कच्चा माल म्हणजेच तो माळ्यावरचा खोका. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाअखेर पोर्टलही सुरू केलं. हक्क कागदावर येईलही, पण सुटा भाग हाताशी नसेल तर तो बजावणार कसा?

आता टाकलेली वायर जाते कुठे, ते पाहू. आपण ती भंगारवाल्याला देतो आणि विषय संपला असं समजतो. केबलमध्ये तांबं असतं, म्हणून ती कचराकुंडीत राहत नाही. कुर्ला, साकीनाका, धारावी अशा ठिकाणी सुटं करणाऱ्यांच्या हातांत पोहोचते. जाड वायर सोलता येते. बारीक वायर सोलायला वेळ फार लागतो आणि तांबं थोडं निघतं, म्हणून असंघटित धंद्यात ती जाळण्याचा मार्ग देशभर धरला जातो. वायरीवरचं आवरण पीव्हीसीचं असतं. ते उघड्यावर जळलं की हायड्रोजन क्लोराइडचा धूर आणि डायॉक्सिनसारखी घातक द्रव्यं तयार होतात. ती आधी जाळणाऱ्याच्या फुप्फुसांत जातात, मग आजूबाजूच्या वस्तीत. ज्यातून काहीच निघत नाही, ते प्लॅस्टिक आणि फुटके डबे शेवटी डम्पिंगला जातात. उपनगरांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. बोरिवलीकरांनी गोराईचं डम्पिंग २००७ मध्ये बंद होईपर्यंत सोसलं. मुलुंडचं २०१८ मध्ये बंद झालं आणि तिथे साचलेला सुमारे ७० लाख टन कचरा उपसण्याचं काम त्यानंतर वर्षानुवर्षं चालत राहिलं. देवनार १९२७ पासून आहे. घर आवरण्याच्या सल्ल्यात ‘टाका’ हे क्रियापद जितकं सोपं वाटतं, तितकं ते मुलुंड पूर्वेला किंवा गोवंडीला राहणाऱ्याला वाटणार नाही. आपलं घर मोकळं होतं ते दुसऱ्याच्या वस्तीत ओझं टाकून.

यावरचा सर्वांत सबळ आक्षेप पर्यावरणाच्या बाजूनेच येतो. घरोघरी खोक्यांत तांबं अडकून पडलं तर पुनर्वापराच्या साखळीला माल मिळणार कसा? कायदाही त्याच दिशेचा आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत यंत्रांबरोबर त्यांचे सुटे भागही येतात आणि उत्पादकांना पुनर्चक्रणाची टक्केवारी ठरवून दिलेली आहे: पहिली दोन वर्षं ६०, नंतरची दोन वर्षं ७० आणि २०२७-२८ पासून ८०. हा आक्षेप मला मान्य आहे, पण त्यातून टाकण्याचा निष्कर्ष निघत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला केवळ २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रित झाल्याची नोंद आहे. ई-कचऱ्यात चीन आणि अमेरिकेनंतर भारताचा क्रमांक लागतो. म्हणजे वस्तू घराबाहेर गेली याचा अर्थ ती साखळीत गेली असा होत नाही. शिवाय चालू केबल वितळवून तिचं तांबं काढणं आणि तीच केबल पुन्हा वापरणं यांत दुसरा मार्ग कधीही कमी ऊर्जेचा आहे; नवी तार ओढणं, नवं आवरण चढवणं, जहाजाने आणणं हे सगळं त्यात वाचतं. म्हणून क्रम असा हवा: चालतं आणि लागू शकतं ते ठेवा, चालतं पण आपल्याला जास्त झालं ते दुसऱ्याला द्या, चालत नाही ते नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडे पोहोचवा. आठवी पॉवर कॉर्ड साठवून ठेवणाऱ्याची बाजू मी घेत नाही. दुसरी ठेवणाऱ्याची घेतो.

सुरक्षेचा प्रश्नही इथेच मिटवायला हवा. काही वस्तू खोक्यात ठेवूच नयेत. फुगलेली लिथियम बॅटरी, मग ती लॅपटॉपची असो वा मोबाइलची, पेट घेऊ शकते. ती त्याच दिवशी घराबाहेर, आणि तीही घंटागाडीत न टाकता संकलन केंद्रावर जायला हवी. आवरण तडकलेली पॉवर कॉर्ड, वळवल्यावर तार दिसणारा चार्जर, करपलेल्या वासाचा एसएमपीएस (सीपीयूच्या डब्यातला वीज पुरवणारा भाग) यांना क्षमा नाही. जुन्या हार्ड डिस्कवर बँकेचे कागद आणि घरचे फोटो असतात, म्हणून ती पुसल्याशिवाय कोणाला देऊ नये. मुंबईच्या दमट हवेत काही केबलचं मऊ रबरी आवरण चिकट होतं, त्या काढाव्यात. मात्र साध्या पीव्हीसीच्या केबल कोरड्या डब्यात वर्षानुवर्षं टिकतात. अडॅप्टरच्या बाबतीत एक नियम कटाक्षाने पाळायचा: व्होल्टेज तंतोतंत तेच हवं, अँपिअर तितका किंवा जास्त चालतो आणि पिनच्या आतबाहेरची धन-ऋण खूण जुळली पाहिजे. पिन बसली म्हणून अडॅप्टर चालेल असं समजून यंत्र जाळणारे लोक आहेत, पण त्यावर उपाय अडॅप्टर फेकणं हा नाही. तो कोणत्या यंत्राचा आहे याची चिठ्ठी पहिल्याच दिवशी त्यावर चिकटवणं हा आहे.

राहता राहिला मारी कोंडो यांचा मुद्दा: वायर ओळखूच आली नाही तर? तर ती ओळखावी. अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात, नेटवर्क केबलच्या अंगावर तिची जात लिहिलेली असते, पिनचा फोटो काढून शोधला की नाव सापडतं. अज्ञान हे वस्तू टाकण्याचं कारण ठरू शकत नाही, कारण काही वायरींवर बदली न मिळणाऱ्या गोष्टी अवलंबून असतात. २००० च्या आसपासच्या हँडीकॅमवर घेतलेल्या लग्नाच्या, मुंजीच्या मिनी डीव्ही कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायला फायरवायर केबल लागते. त्या काळातल्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या पिना कंपनीगणिक वेगळ्या होत्या. अशा केबलची पिन जगात मेली असली तरी त्या घरात ती जिवंत आहे, जोवर त्या कॅसेट उतरवून झालेल्या नाहीत. ते काम झालं की केबलही जाऊ द्यावी. आणि ज्याला पाच मिनिटांत हवी ती केबल सापडत नाही, त्याच्याकडे साठा नाही, गुंता आहे, ही टीका मात्र रास्त आहे. साठवणं हा दोष ठरतो तो इथे. प्रत्येक केबल वेगळी गुंडाळून तिला चिठ्ठी लावणं, प्रत्येक पिनच्या दोनच ठेवणं आणि वर्षातून एकदा खोका उघडून पाहणं, एवढी शिस्त नसेल तर माझा युक्तिवादही तुमच्या खोक्याला वाचवू शकणार नाही.

हा साठा प्रत्येक घरात वेगळा असायलाच हवा असंही नाही. दुरुस्तीसाठी शेजाऱ्यांनी एकत्र येण्याची रिपेअर कॅफेची चळवळ २००९ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये सुरू झाली आणि बंगळुरूतही रुजली. आपल्या सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांकडे त्यासाठी लागणारं सगळं आधीच आहे: कार्यालय, कपाट, सूचनाफलक आणि एकमेकांचा परिचय. ऐंशी घरांच्या इमारतीत ऐंशी खोके ठेवण्यापेक्षा सोसायटीच्या कार्यालयात चिठ्ठ्या लावलेला एक मोठा डबा ठेवला, तर जागेचा प्रश्न सुटतो, जादाच्या केबल हातोहात कामाला लागतात आणि ज्याच्या घरी काहीच नाही त्यालाही रविवारी रात्री अडॅप्टर मिळतो. उरलेला खरा कचरा वर्षातून एकदा एकत्र करून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या पुनर्चक्रकाकडे पाठवला तर तोही रीतसर मार्गी लागतो. एकेका घराच्या पाव किलो वायरींसाठी कोणी गाडी पाठवत नाही, इमारतीच्या दोन पोत्यांसाठी पाठवू शकतं. तेव्हा या दिवाळीला किंवा घर रिकामं करण्याच्या नोटिशीनंतर तो खोका खाली आला, तर ‘शेवटचं कधी लागलं होतं’ हे विचारू नका. एकेक पिन हातात घ्या, कुठे बसते ते पाहा, चिठ्ठी लावा, जास्तीची सोसायटीच्या पुढच्या सभेत मांडा. भंगारवाल्याला हाक मारायची ती त्यानंतर.